नानांनी काढलेलं व्रत

नाना जोशी कुणाला "कसा आहेस" असं कधी विचारत नसत. रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, "काय जेवलास?" उत्तर "वरण-भाकरी" असं आलं की लगेच दुसरा, "वरणाला फोडणी कशाची होती?" समोरचा गडबडला की नाना हळहळत पुढे जात. सकाळी आपण काय जेवलो हे ज्याला आठवत नाही, त्याचं पुढे कसं व्हायचं, याची त्यांना खरोखर काळजी वाटे.

मी साखऱ्याला कुळकर्ण्यांची सून म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि नाना गावचे जोशी होते. पंचांग सांगणं, पूजा, लग्नं, मुंजी, सगळं त्यांच्याकडे. त्यांचं घर आमच्या घराला लागून. अंगानं म्हणाल तर नुसती काडी. सदरा अंगात घातलाय की खुंटीला टांगलाय ते लांबून कळू नये. पण पंगतीला बसले की वाढणारे पदर खोचत. नानांचा हिशेब असा, की पहिली पोळी देवाची, दुसरी यजमानाची, तिसरीपासून पुढे आपली. खाल्लेलं जातं कुठे असं मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "आवाजात जातं, सूनबाई. मंगलाष्टकं काय उपाशी पोटी येतात व्हय?"

बाकीचं गाव जुन्या गोष्टी दुष्काळावरून नाहीतर पटकीच्या साथीवरून सांगे, नाना पंगतींवरून सांगत. माझ्या लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "तुझं लग्न ना? कढी फुटली होती. बुंदी मात्र अशी, की व्याह्यांनी मागून घेतली." मला राग यायचा. माझ्या वडिलांनी ऐपत नसताना घेतलेला शालू या माणसाच्या लक्षात नाही, फुटलेली कढी तेवढी लक्षात. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या कपाळावर हात मारून म्हणत, "बाई, यांना आमच्या पोराच्या बारशाची तारीख सांगता येत न्हाई, घुगऱ्यांत मीठ जास्त पडलं होतं ते सांगतील."

हसून घ्या. मीही हसत होते. पण त्यांच्या याच खोडीमुळे माझा मुलगा वाचला. म्हणून तर त्यांची आठवण निघाली, की मला त्यांचा पंचांग सांगणारा आवाज आधी ऐकू येत नाही. आधी दिसतं ते पंगतीतलं त्यांचं पान.

माझा मधू उष्टावणापर्यंत टुमटुमीत होता. पुढे सगळं उलटं सुरू झालं. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं नगाऱ्यासारखं. हगवण थांबायची नाही. दिवसभर किरकिर, खेळ नाही, हसणं नाही. आणि माझी भीती नुसती त्याच्यापुरती नव्हती. त्याच्या आधीची माझी काशी अशीच वाळत वाळत गेली होती. तिसरं वरीस तिनं पाहिलं नाही. मधू तिसऱ्यात आला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघायलासुद्धा भ्यायची.

आम्ही काय केलं नाही? हिंगोलीच्या हकिमाच्या पुड्या झाल्या, ताईत झाला, दृष्ट तर रोजची. आणि सासूबाईंनी गव्हाचं सत्त्व काढलं. गहू भिजत घालायचे, वाटायचे, खाली बसलेला पांढरा चीक वाळवायचा आणि तूप-साखर घालून त्याची खीर करायची. अशक्त लेकराला याच्याइतकं हलकं आणि पौष्टिक काही नाही असं आमच्याकडे सासूकडून सुनेकडे चालत आलेलं. ज्वारी गड्यामाणसांची, गहू सणाचा, पाहुण्याचा आणि आजाऱ्याचा. आमच्या गड्याचं पोरगं अंगणात भाकरीवर तिखट घेऊन खाई आणि लाल होई. आमचा सोन्यासारखा सत्त्व खाऊन पिवळा पडत चालला.

त्या वर्षी पिकावर तांबेरा पडला. आमचा बन्सी गहू शेतातच गेला. घरात पोळी बंद झाली, सत्त्व तर दूरच. मधूच्या तोंडात भाकरी पडली, ती दुधात कुस्करून. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. पण काय सांगू, अक्षय तृतीयेपर्यंत पोरगं हसायला लागलं. पोट खाली बसलं. एक दिवस त्यानं चुलीजवळचं मांजर शेपटीला धरून ओढलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी मांजराची बाजूसुद्धा घेतली नाही.

आता हे यश कुणाचं? सासूबाई म्हणाल्या ताईताचं, हे म्हणाले हकिमाचं, आणि मी म्हणाले माझ्या नवसाचं. मी सत्यनारायण बोलले होते. मग नवस फेडायचा म्हणून सेनगावच्या पाहुण्यांकडून मुद्दाम गहू मागवला. प्रसादाचा शिरा झाला, पुरणपोळ्या झाल्या. ज्याच्यासाठी पूजा, त्यानं प्रसाद घ्यायलाच पाहिजे. मधूनं दोनदा मागून घेतला. उरलेल्या गव्हाचं सासूबाईंनी पुन्हा सत्त्व काढलं, आता पचतंय म्हणून. आठवडाभरात पोरगं पुन्हा आडवं पडलं.

सासूबाईंनी ग्रहांची शांत करायला नानांना बोलावलं. नाना आले, पंचांग मांडीवर घेतलं, आणि उघडलंच नाही. मला म्हणाले, "सूनबाई, पोरगं काय काय जेवलं ते सांग."

मी सांगत गेले, नाना मागे मागे नेत गेले. पूजेच्या दिवशी काय, त्याच्या आधी काय, दिवाळीत काय. मला जिथं आठवेना तिथं तेच आठवून सांगत. उष्टावणाच्या दिवशीची गव्हाची खीर त्यांनीच मधूला चाटवली होती. वेलदोडा जास्त झाला होता, हेही त्यांच्या लक्षात होतं. मग ते अचानक थांबले. हलक्या आवाजात म्हणाले, "काशीच्या उष्टावणालाबी खीरच होती."

मी मान हलवली. 

त्या दिवशी नाना आमच्याकडे जेवायला बसले आणि अर्ध्या पानावरून उठले. काकूंना हे कळलं तेव्हा त्या धावत विचारायला आल्या, की यांना काय झालं, वैद्य बोलवू का.

संध्याकाळी नाना परत आले आणि सासूबाईंसमोर बसले. "वहिनी, मला गव्हाचा संशय येऊन राहिला."

"गव्हाचा?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, अन्न ते. देवाला चालतं अन् लेकराला बाधतं?"

"देवाचं पोट थोरलं हाय, वहिनी."

सासूबाई काही ऐकायला तयार होईनात. कुळकर्ण्यांच्या पोरानं जन्मभर भाकरी खायची? सोयरे काय म्हणतील, यांच्याकडं गहू पिकत न्हाई का? नानांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग ताठ बसले, आवाज पूजेचा काढला आणि म्हणाले, "शांत मी करतो. पण ती फळायची असंल तर या लेकराच्या नावानं एक व्रत हाय. गहू वर्ज्य. पोळी, शिरा, सत्त्व, शेवया, काही न्हाई. मुंज होईपर्यंत पाळायचं. मोडलं तर माझ्याकडं यायचं न्हाई."

हकिमाचं ऐकलं नसतं, माझं तर नाहीच नाही, पण व्रत म्हटल्यावर सासूबाईंनी हात जोडले. मी नानांना सोडायला दारापर्यंत गेले आणि विचारलं, "नाना, असं व्रत कुठल्या पोथीत आहे?"

"पोथीत न्हाई," नाना म्हणाले. "पण पोथीत तुझं पोरगंबी न्हाई."

पुढे खूप वर्षांनी माझ्या नातीला तसंच झालं. तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी या दुखण्याचं सिलिॲक हे नाव सांगितलं आणि गव्हात असं काय असतं तेही समजावलं. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडे याला नानांचं व्रत म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आजीबाईंनाही तपासून घ्यावं.

मधू सुधारला, पण पुरता नाही. चार दिवस बरा, मग पुन्हा पोट फुगायचं. मी रडकुंडीला आले. नाना आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि चहूकडे बघू लागले. काकू ज्वारी दळायला लागल्या म्हणजे आधीच्या डाळीचं पीठ पुढच्या पिठात उतरतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी आमच्या जात्याच्या पाळूवरून, म्हणजे वरच्या दगडावरून, बोट फिरवलं, तोंडात घातलं आणि म्हणाले, "यात गहू हाय. परवाचा." नंतर निघूनच गेले.

थोड्या वेळानं गल्लीत आरडाओरडा. बाहेर येऊन बघते तो नाना डोक्यावर जात्याची खालची तळी घेऊन येऊन राहिलेत, मागे आमचा गडी वरची पाळू घेऊन, आणि त्याच्या मागे काकू. "अहो, माझ्या माहेरचं जातं हाय ते. ठेवा खाली. ठेवा म्हणते ना." नाना मान हलवू शकत नव्हते, त्यामुळे सरळ समोर बघत बोलत होते, "माहेरचंच पाहिजे. तुझ्या माहेरी गहू कधी बघितलाय कुणी? अन् आपल्या घरीबी त्यावर ज्वारी अन् डाळच पडते." काकूंना एवढा राग आला, की आमच्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. पण पाणी पिताना त्यांनी मधूकडे पाहिलं. तो नानांच्या डोक्यावरचं जातं बघून खदखदा हसत होता. काकू म्हणाल्या, "राहू दे बाई. मी तुझ्या जात्यावर दळीन." त्यांनी शब्द पाळला. रोज सकाळी आमच्याकडे दळायला यायच्या आणि जात्यावर बसून ओव्यांच्या मधल्या जागेत नवऱ्याला नावं ठेवायच्या. काकूंच्या जात्यावर मी मधूची ज्वारी दळू लागले आणि पोरगं जे सुधारलं ते सुधारलंच.

पण लेकरू नुसतं घरात वाढत नाही ना. गावभर हिंडायचं, आणि गाव मायाळू. जो तो हातावर काहीतरी ठेवणार. देशमुखांकडे सत्यनारायण होता. मधू तेव्हा पाच-सहा वर्षांचा, पोरांबरोबर पूजेला गेला. कथा ऐकली. प्रसादाचा अवमान केला म्हणून साधुवाण्याची नाव बुडाली, हेही ऐकलं. शिऱ्याचा द्रोण समोर आला. यानं हात मागे घेतला आणि तिथंच रडू फुटलं. घ्यावं तर व्रत मोडतं, न घ्यावं तर नाव बुडते.

नाना पाटावरून उठून त्याच्याजवळ गेले. "काहून रडून राहिला रे?"

"आपली नाव बुडंल."

"आपल्याकडं नाव हाय का?"

"न्हाई."

"मग काय हाय?"

"बैलगाडी."

"बैलगाडी बुडत न्हाई. रुतते. रुतली की आपण ढकलू." आणि त्यांनी नैवेद्याचं केळं सोलून त्याच्या हातात दिलं, देवाचंच ते.

पण ते पोरगं सगळ्यांसमोर रडलं, हे नानांना फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आपण पूजा सांगणार तिथं इथून पुढे प्रसाद तांदळाच्या पिठाचा. पोथीतच सांगितलंय, गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालतं. देशमुख म्हणाले, "अहो नाना, पण आमच्याकडं गहू हाय की. पोत्यानं हाय."

नाना म्हणाले, "गहू कुणाकडंबी असतो, देशमुख. आपल्या कोरडवाहू मुलखात देवापुढं तांदूळ ठेवणारं घर कुठलं, तर तुमचं."

एवढं बस झालं. देशमुखांनी तांदूळ आणला म्हटल्यावर पाटलांनी आणला, पाटलांनी आणल्यावर मारवाड्यांनी त्यात केशर घातलं. वर्षाच्या आत साखऱ्यात गव्हाचा प्रसाद करणं कमीपणाचं वाटू लागलं. कुणी बाई कुरकुरली, की नाना, हा प्रसाद चिकट होतो, तर नाना शांतपणे म्हणत, "तूप कमी पडलं तुझं." मग ती बाई पुन्हा बोलत नसे. आणि माझा मधू सगळ्या पोरांत बसून, सगळ्यांच्या आधी हात पुढे करून प्रसाद घेत असे. आईला आणखी काय पाहिजे असतं?

लग्नाच्या पंगतीत मात्र नानांची चंगळ. पानावर वाढलेलं टाकायचं नाही आणि यजमानाचा हात मागे लोटायचा नाही, ही आपली रीत. त्यामुळे नाना मधूला स्वतःच्या डाव्या हाताला बसवत आणि पोळी घेऊन कुणी आलं, की त्याच्या पानावर आपला पंजा आडवा धरत. "त्याचं इकडं." जिलबी आली, "त्याचं इकडं." काकू बायकांच्या पंगतीतून बघत आणि मला म्हणत, "तुझ्या पोराच्या दुखण्यानं माझ्या नवऱ्याला दुप्पट खायला सापडलं. व्रत काढणारा काय खुळा हाय?"

मग मधूची मुंज आली. मुंजीच्या दिवशी मातृभोजन असतं. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, पुढे तो ब्रह्मचारी झाला की तसं जेवायचं नाही. त्या ताटात काय वाढायचं याची मी काळजी करत होते, तर सासूबाई पहाटेपासून चुलीपुढे. स्वतःच्या हातानं अनारसे तळले, तांदळाची खीर केली, ज्वारीचे खुसखुशीत धपाटे लावले आणि ताट माझ्यापुढे आणून ठेवलं. त्यात गव्हाचा कण नव्हता. मी पहिला घास मधूच्या तोंडात घातला आणि मला रडू आवरेना. काशीच्या वेळी जे हातातून निसटलं होतं, ते या वेळी माझ्या मांडीवर बसून अनारसा मागत होतं. नाना समोर मंत्र म्हणत होते. त्यांनी आवाज चढवला, म्हणजे माझं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये. मी मनातल्या मनात त्यांना किती वेळा नमस्कार केला, मलाच माहीत नाही.

मुंज झाली तसं सासूबाईंनी विचारलं, "नाना, आता व्रत सुटलं ना?"

नाना म्हणाले, "वहिनी, आता तर खरं लागलं. आता त्याचं त्यानं पाळायचं."

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला आणि रझाकारांच्या धामधुमीनं आमचा मुलूख हवालदिल झाला. सरहद्दीजवळची घरंच्या घरं वऱ्हाडात निघाली. आम्हीही वाशिमला यांच्या मावशीकडे जायचं ठरवलं. मावशी फार मायाळू होत्या, आणि मला तर मायाळू बायकांचीच भीती. तिथं काकूंचं जातं नाही, तांदळाचा प्रसाद नाही, पंगतीत डाव्या हाताला बसवून घेणारं कुणी नाही. मधू दहा वर्षांचा झाला होता, पण दहा वर्षांच्या पोरापुढे गरम पोळीवर तुपाची धार पडली तर त्याचं काय व्हायचं, हा घोर माझ्या जिवाला लागला होता. नानांना म्हटलं, तुम्ही आणि काकूही चला. म्हणाले, "देवाला आंघोळ कोण घालंल?"

आम्ही दिवाळीनंतर परतलो तेव्हा नाना तापानं गेले होते. म्हणून निघायच्या सकाळचं ते दर्शन शेवटचं.

गाडी जुंपून तयार होती. सगळ्यांची तोंडं सुकलेली. नाना आले, मला काही बोलले नाहीत, मधूला गाडीतून खाली उतरवून समोर उभा केला. मग धोतराचा सोगा डोक्यावर पदरासारखा घेतला आणि बारीक आवाजात म्हणाले, "ये रे बाळा, किती वाळलास. ही बघ पोळी केली, ऊन ऊन."

मधू हसला. "मावशीआजी, मला गहू बाधतो. भाकरी असंल तर वाढा. न्हाई तर भात चालंल."

"अरे, एका घासानं काय होतंय?"

"होतंय."

"माझी शपथ हाय तुला."

"शपथ तुमची, पोट माझं हाय."

गाडीत सासूबाईसुद्धा हसल्या. नानांनी पदर सोडला, पोट पुढे काढून बुवा झाले. "बाळ, हा देवाचा प्रसाद. न्हाई म्हणतोस?"

"पाया पडतो. केळं द्या."

मग नाना पाहुणे झाले, मास्तर झाले, वाशिमचा हलवाई झाले. प्रत्येकाला पोरानं वाटेला लावलं. गाडीवान हातातला कासरा विसरून बघत होता. शेवटी नाना आपल्या नेहमीच्या आवाजावर आले. हसू गेलं होतं. मधूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मधू, मी तुझा नाना. व्रत मीच काढलं होतं, आता मीच सोडतो. माझ्यासाठी एक घास खा."

मधू गडबडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड दुसरीकडे केलं. 

"न्हाई," मधू म्हणाला.

"नानाचंबी ऐकणार न्हाईस?"

"न्हाई, नाना. तुमचंबी न्हाई."

नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतकं तृप्त तोंड मी त्यांचं कुठल्या पंगतीतही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला उचलून गाडीत बसवलं आणि गाडीवानाला म्हणाले, "हाक आता. काही काळजी न्हाई."